आश्रयाचा अर्ज फेटाळल्यावर: पुण्यातून उच्च न्यायालयापर्यंतची वाट

धर्मामुळे मायदेशी परतता येत नाही असं सांगणारा माणूस नकाराचं पत्र घेऊन समोर बसतो, तेव्हा पहिला प्रश्न एकच विचारायचा: हा नकार नेमका कुणी दिला? पुण्यात या कामाला नव्याने लागलेले वकील, कायद्याचे विद्यार्थी आणि दुभाषे बहुतेकदा इथेच घसरतात. पत्र नीट न वाचताच याचिकेचा मसुदा सुरू होतो, आणि महिन्याभराने लक्षात येतं की मुदत दुसऱ्याच दाराशी संपून गेली.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे ‘आश्रय नाकारला’ या दोन शब्दांमागे तीन निरनिराळे नकार असू शकतात.

पहिला नकार संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाचा, म्हणजे दिल्लीतल्या यूएनएचसीआरचा. अफगाणिस्तान, इराण, म्यानमार अशा देशांतल्या लोकांची नोंदणी आणि मुलाखत तिथे होते. दुसरा नकार सरकारचा. इथल्या परकीय नागरिक नोंदणी कार्यालयामार्फत, म्हणजे एफआरओमार्फत, दीर्घ मुदतीचा व्हिसा मागितला जातो आणि तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडून किंवा त्याआधीच नाकारला जातो. तिसरा नकार नागरिकत्वाचा. नागरिकत्व कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीखाली पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती अर्जदारांसाठी वेगळी वाट आहे. पिंपरीत नातेवाइकांकडे उतरलेल्या सिंधी कुटुंबांचा संबंध बहुतेकदा या तिसऱ्या वाटेशी येतो. एक गल्लत तिथे फार होते. २०२५ च्या सवलत आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे. ती पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट देते, नागरिकत्व देत नाही. दोन तारखा एका अर्जात मिसळल्या की अर्ज गेलाच. नागरिकत्वाच्या नकारावर केंद्र सरकारकडे फेरतपासणीसाठी ३० दिवस मिळतात. या वाटेबद्दल इथे एवढंच. पुढचं सगळं पहिल्या दोन नकारांबद्दल आहे.

न्यायालय काय तपासतं, काय नाही

हे आधी पक्कं करा, कारण याचिकेचं वळण यावरच ठरतं. उच्च न्यायालय ‘हा माणूस निर्वासित आहे’ असं ठरवून देत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, म्हणजे रिट याचिकेत, ते इतकंच पाहतं: अधिकाऱ्याने ऐकून घेतलं का, कारणं दिली का, समोर ठेवलेला पुरावा वाचला का, आणि माणसाला जिवाचा धोका असलेल्या ठिकाणी परत ढकललं जातंय का. धोका खरा की खोटा यावर न्यायमूर्तींसमोर साक्षीपुरावा होत नाही. म्हणून ‘माझ्या अशिलाचा छळ झाला’ हे चाळीस पानं सांगणारी याचिका कमजोर पडते. ‘छळाचे हे सात कागद दिले होते, आदेशात त्यातल्या एकाचाही उल्लेख नाही’ असं दोन परिच्छेदांत दाखवणारी याचिका उभी राहते.

आधार कोणते? अनुच्छेद १४ (समानता) आणि २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) हे नागरिकांपुरते नाहीत, ‘व्यक्ती’साठी आहेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग विरुद्ध अरुणाचल प्रदेश या १९९६ च्या चकमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्वच्छ सांगितलं. बाजू ऐकून घेण्याच्या हक्कासाठी १९७८ चा मनेका गांधी निकाल. मुंबई उच्च न्यायालयाने १९९४ मध्ये, यूएनएचसीआरने मान्यता दिलेल्या एका इराणी निर्वासिताला इराणला पाठवता येणार नाही असं म्हटलं होतं. आपल्याच उच्च न्यायालयाचा असल्यामुळे तो निकाल शोधून जोडावाच. गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दोन इराकींच्या बाबतीत, धोक्याच्या ठिकाणी परत न पाठवण्याचं तत्त्व अनुच्छेद २१ मध्ये सामावलेलं आहे असं मानलं, मात्र देशाच्या सुरक्षेला बाध येत नसेल तर. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्यानमारच्या दोन निर्वासितांना हाकलण्यापूर्वी त्यांचं म्हणणं ऐका, यूएनएचसीआरशी बोला, असं अधिकाऱ्यांना सांगितलं. नंदिता हक्सर विरुद्ध मणिपूर राज्य या मे २०२१ च्या निकालात म्यानमारहून आलेल्या सात जणांना दिल्लीला यूएनएचसीआरकडे जाण्यासाठी सुरक्षित वाट मिळाली.

आता दुसरी बाजू. ती अशिलापासून लपवू नका. १९५५ पासून सर्वोच्च न्यायालय म्हणत आलं आहे की परदेशी माणसाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार फार व्यापक आहे. ८ एप्रिल २०२१ ला रोहिंग्यांच्या प्रकरणात न्यायालयाने अंतरिम संरक्षण नाकारलं. न पाठवलं जाण्याचा हक्क हा भारतात राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो हक्क फक्त नागरिकांचा, असं त्यात म्हटलं. पण त्याच आदेशात ‘विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय पाठवू नये’ असंही आहे. आपलं पाऊल त्या वाक्यावर टेकवायचं. कार्यपद्धती म्हणजे काय, ती कुठे मोडली, हे दाखवणं हाच याचिकेचा गाभा.

ती कार्यपद्धती लिखित आहे. गृह मंत्रालयाने २९ डिसेंबर २०११ ला एक ठरावीक पद्धत घालून दिली, २०१९ मध्ये ती सुधारली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यामुळे छळाची रास्त भीती सकृतदर्शनी दिसत असेल, तर ३० दिवसांत दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस करायची, असं त्यात आहे. म्हणजे धर्म हा शब्द सरकारच्याच कागदात आहे. परदेशी करार काखेत घेऊन जाण्याआधी हा कागद पुढे करा. ही पद्धत आली तेव्हा १९४६ चा परकीय नागरिक कायदा चालू होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा आप्रवास आणि परकीय नागरिक अधिनियम, २०२५ ने घेतली. जुन्या कलमांचे आकडे जसेच्या तसे उतरवलेली याचिका पहिल्याच सुनावणीला अवघडते. नव्या कायद्यातलं कलम द्या, आणि जुन्या कायद्याखाली केलेल्या गोष्टी विसंगत नसतील तिथवर टिकतात, हे व्यावृत्तीचं कलम सोबत दाखवा.

पत्र मिळाल्याचा आठवडा

पत्र कोणत्या दिवशी, कशाने मिळालं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. पाकीट, ईमेलचा मथळा, व्हिसाच्या ऑनलाइन पोर्टलवरचा संदेश, सगळ्याची छायाप्रत. मुदत पत्रावरच्या तारखेपासून की हातात पडल्यापासून, हा वाद पुढे निघतोच.

यूएनएचसीआरच्या नकारावर त्यांच्याकडेच अपील करायचं असतं, मुदत ३० दिवस. ते दुसरा अधिकारी पाहतो. यूएनएचसीआरच्या निर्णयाविरुद्ध भारतीय न्यायालयात जाता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विशेषाधिकारांबाबतचा १९४७ चा कायदा आडवा येतो. त्यांना प्रतिवादी करण्याचा मोह नवख्यांना होतोच, करू नका. अपीलही फेटाळलं तर प्रकरण बंद होतं आणि नवा पुरावा किंवा मायदेशी बदललेली परिस्थिती दाखवल्याशिवाय ते सहसा उघडत नाहीत. म्हणून अपील हीच खरी संधी आहे.

सरकारी नकार असेल तर कारणांची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. इथे माहितीचा अधिकार उपयोगी पडेल असं वाटतं, पण तो फक्त नागरिकांना आहे. भारतीय मित्राने अर्ज केला तर ‘त्रयस्थाची खाजगी माहिती’ म्हणून उत्तर येतं. त्यामुळे मूळ फाइल न्यायालयाने मागवावी अशी विनंती याचिकेतच करावी लागते.

कोणतं कार्यालय, हे पत्त्यावरून ठरवा. शहरातलं काम पुणे पोलीस आयुक्तालयात, पण वाकड, हिंजवडी, आकुर्डीकडे राहणाऱ्यांचं पिंपरी-चिंचवडच्या आयुक्तालयात. ते २०१८ पासून वेगळं आहे. शिकायला आलेल्या मुलांनी मधल्या काळात खोली बदललेली असते आणि घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती, सगळे ज्याला सी-फॉर्म म्हणतात ती, २४ तासांत भरलेली नसते. सरकारी वकील नेमकं हेच पुढे करतात: पत्ता लपवला. भाडेकरार, सी-फॉर्म, महाविद्यालयाचं प्रमाणपत्र, पोर्टलवरच्या सगळ्या अर्जांच्या प्रती आधीच गोळा करा. व्हिसाची मुदत संपायच्या आत वाढीचा अर्ज गेलेला असला तर तो सोन्यासारखा जपा. नव्या कायद्यात मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

आणखी एक. कार्यालयातून ‘पासपोर्ट नूतनीकरण करून आणा’ असं सांगतात. छळाची भीती त्या सरकारकडूनच असेल तर वकिलातीत जाऊन नवा पासपोर्ट घेणं म्हणजे ‘मला त्या सरकारचं संरक्षण चालतं’ असं कागदावर कबूल करणं. शिवाय माणूस इथे आहे हे तिकडे कळतं. वकिलातीत जाता का येत नाही, याचं लेखी उत्तर त्याच दिवशी द्या.

कथन, म्हणजे अशिलाने सांगितलेली स्वतःची हकीकत: इथेच प्रकरण जिंकतं किंवा हरतं

नकाराच्या पत्रात सर्वात जास्त वेळा दिसणारा शब्द ‘विसंगती’. आणि विसंगतींपैकी पुष्कळशा खोटेपणातून नाहीत, भाषांतरातून येतात.

तारखांपासून सुरुवात करा. इराणी सौर वर्ष साधारण २१ मार्चला सुरू होतं. सन १४०१ मधली दे महिन्याची १० तारीख म्हणजे ३१ डिसेंबर २०२२, आणि दुसऱ्याच दिवशीची ११ दे म्हणजे १ जानेवारी २०२३. वर्षात सरसकट ६२१ मिळवणारा दुभाषा ११ दे किंवा त्यानंतरच्या अटकेची तारीख वर्षभर मागे नेतो. अफगाण लोक त्याच महिन्याला जदी म्हणतात. म्हणून कथनात मूळ तारीख आणि इंग्रजी तारीख, दोन्ही शेजारी शेजारी लिहा. आधीच्या मुलाखतीतला घोळ असाच झाला असेल तर तो तक्त्याने दाखवा; निव्वळ ‘गैरसमज झाला’ असं लिहून भागत नाही.

मग शब्द. मुर्तद म्हणजे धर्म सोडलेला, काफिर म्हणजे श्रद्धा नसलेला. दोन्हींचं इंग्रजी ‘नास्तिक’ असं झालं की चर्चमध्ये जाणारा माणूस एका वाक्यात नास्तिक ठरतो आणि अधिकारी ‘दावा बदलला’ असं नोंदवतो. पोलिसांनी लिहून घेतलेला तोबेनामा (पश्चात्तापाचा जबाब) आणि साधं हमीपत्र यांतही जमीन-अस्मानाचा फरक आहे: पहिल्यात धर्मत्यागाची कबुली आहे. दरी, म्हणजे अफगाणी फारसी, बोलणाऱ्या हजारा समाजातल्या मुलासाठी तेहरानी फारसीचा दुभाषा चालून जातो असं समजू नका. आणि दुभाषा अशिलाच्या समाजातला किंवा नात्यातला नसलेला बरा. लाजेपोटी माणूस अत्याचार झाकतो.

धर्माच्या दाव्यात अधिकारी परीक्षा घेतात: सणांची नावं सांगा, प्रार्थना म्हणा. यूएनएचसीआरच्या २८ एप्रिल २००४ च्या धर्मविषयक मार्गदर्शक सूचना सांगतात की पाठांतर ही श्रद्धेची कसोटी नाही. शिक्षण, वय, लपून पाळलेला धर्म, सगळं धरावं लागतं. त्याच सूचनांनुसार ‘गुपचूप पाळला असता तर काही झालं नसतं’ हे उत्तर चालत नाही. श्रद्धा लपवायला लावणं हाही छळाचा भाग असू शकतो. नकारपत्रात असं वाक्य सापडलं तर त्याला लाल खूण करा, तो तुमचा सर्वात भक्कम मुद्दा असेल.

भेदभाव आणि छळ यांतली रेषा मात्र प्रामाणिकपणे ओढा. एक नोकरी नाकारली, शेजारी टोमणे मारतात, एवढ्याने भागत नाही. पण थर चढत जातात. इराणच्या राज्यघटनेतलं अनुच्छेद १३ फक्त जरथुस्त्री, ज्यू आणि ख्रिस्ती यांना अल्पसंख्य धर्म मानतं, बहाईंना नाही. बहाई विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढण्याचं धोरण १९९१ च्या परिपत्रकात लिहिलेलं आहे. पाकिस्तानात अहमदियांना १९७४ च्या घटनादुरुस्तीने बिगरमुस्लिम ठरवलं आणि १९८४ च्या अध्यादेशाने त्यांच्या रोजच्या धार्मिक व्यवहारावर तुरुंगवास आला. अशा कायद्यांच्या प्रती जोडा, मग अशिलावर त्यांचा वार कसा झाला ते सांगा. देश वाईट आहे एवढं पुरत नाही. या माणसाला तिथे का शोधतील, याचं उत्तर हवं. छळ जमावाने किंवा घरच्यांनी केला असेल तर पोलिसांकडे गेलात का, न जाण्याचं कारण काय, आणि त्याच देशातल्या दुसऱ्या शहरात का राहता येत नाही, हेही.

पुण्यात आल्यावर धर्म बदललेल्यांची प्रकरणं सर्वात नाजूक. अधिकाऱ्याला वाटतं, व्हिसा संपत आला म्हणून बाप्तिस्मा घेतला. इथे पाद्रींचं ‘मुलगा सुस्वभावी आहे’ असं पत्र निरुपयोगी. पत्रात हवं: पहिल्यांदा कधी आला, किती नियमित येतो, बाप्तिस्म्याआधी किती महिने शिकवणी झाली, कोणतं काम करतो, आणि त्याच्या धर्मांतराबद्दल मायदेशी कुणाला कळलं आहे. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात, आणि धोका तर त्याच्यावरच अवलंबून असतो.

याचिका

पुणे जिल्हा उच्च न्यायालयाच्या मुंबई मुख्यपीठाखाली येतो. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला सुरू झालेलं सर्किट बेंच (फिरतं न्यायपीठ) सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी आहे; पुणे त्यात नाही. पुण्यातलं प्रकरण अपिलेट साइडला जातं, ओरिजिनल साइडला (मुंबई शहरातल्या प्रकरणांच्या शाखेला) नव्हे. माणूस कोठडीत असेल तर फौजदारी रिट; नुसता व्हिसा नाकारल्याचा आदेश असेल तर दिवाणी.

प्रतिवादी: गृह मंत्रालयामार्फत भारत सरकार, संबंधित नोंदणी अधिकारी, गृह विभागामार्फत महाराष्ट्र राज्य, आणि पोलीस आयुक्त. सुरुवातीला सारांश आणि तारखांची यादी. ती दोन पानांत बसवा, कारण तातडीच्या सुनावणीत वाचली जाते ती तीच. मराठी आणि फारसी कागदांचं इंग्रजी भाषांतर, खाली भाषांतरकाराची सही. प्रतिज्ञापत्र अशिलाला त्याच्या भाषेत वाचून, समजावून सांगितल्याची दुभाष्याची नोंद नसेल तर पुढे ‘मी हे म्हटलंच नव्हतं’ असा प्रसंग येतो.

मागण्या माफक ठेवा. मूळ फाइल मागवावी. आदेश रद्द करून दुभाष्यासह नव्याने सुनावणी घ्यावी आणि कारणांसह निर्णय द्यावा. तोवर देशाबाहेर पाठवू नये. ‘निर्वासित म्हणून जाहीर करावं’ अशी मागणी घातली की सरकारी वकील त्या एकाच मुद्द्यावर अर्धा तास बोलतात आणि बाकीचं बुडतं. नवा पुरावा हाती आला असेल तर तो न्यायालयाने तपासावा असं म्हणू नका, अधिकाऱ्याने विचारात घ्यावा असं म्हणा.

नाव झाकण्याची विनंती पहिल्याच दिवशी करा. आदेश संकेतस्थळावर चढतात, आणि मायदेशी आईवडील राहतात.

खर्चासाठी: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली स्त्रिया, मुलं आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि त्या तरतुदीत नागरिक हा शब्द नाही. शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा मुंबईत उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

तातडी आणि अटक

देश सोडण्याची नोटीस आली की याचिका दाखल करून स्वस्थ बसता येत नाही. दाखल झाल्याने आपोआप स्थगिती मिळत नाही. प्रेसिपी, म्हणजे तातडीचा विनंती अर्ज, देऊन प्रकरण लगेच बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) घ्यायला सांगावं लागतं, आणि त्यात नोटिशीची अखेरची तारीख ठळक हवी. डेक्कन क्वीन सव्वासातला पुणे सोडते आणि १०:२५ ला सीएसएमटीला पोचते. साडेदहाला न्यायपीठासमोर उभं राहायचं असेल तर आदल्या रात्रीच मुंबई गाठा. मेच्या सुट्टीत सुट्टीतलं न्यायपीठ असतं, पण त्याला ‘आजच का’ हे पटवून द्यावं लागतं.

माणसाला उचललं असेल तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेलं का, आधी ते पाहा. वकिलातीला कळवायचं की नाही हे व्हिएन्ना करारानुसार अटकेतल्या माणसाच्या इच्छेवर आहे. ‘कळवू नये’ असं त्याच्या सहीने ठाण्यात द्या आणि पोच घ्या. यूएनएचसीआरचं कार्ड किंवा प्रलंबित अर्जाचं प्रमाणपत्र असेल तर प्रत लगेच तपास अधिकाऱ्याकडे. मूळ कार्ड सोडू नका, ते परत मिळवताना महिने जातात.

आदेशानंतर

फेरसुनावणीचा आदेश मिळाला की प्रमाणित प्रत घेऊन आठवड्याच्या आत एफआरओकडे जा आणि सुनावणीची तारीख लेखी मागा. दुभाषा कोण, कोणत्या भाषेचा, हे त्याच पत्रात. पूर्वी न दिलेले कागद आता अनुक्रमांक घालून द्या, म्हणजे पुढच्या आदेशात कोणता वाचला नाही हे बोट ठेवून सांगता येईल. याचिका फेटाळली गेली तर अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेला ९० दिवस आहेत, पण अंतरिम संरक्षण त्याच दिवशी संपतं. त्यामुळे निकाल वाचला जात असतानाच उभं राहून चार आठवड्यांची मुदतवाढ मागा. न्यायमूर्ती उठून गेल्यावर ती मागायला कुणी उरत नाही.